दिवाणजींचा पांढरा शर्ट

पोलीस लाइनीत एखादी नवी इमारत ताब्यात घ्यायची असली, की दिवाणजी महाजन आदल्या संध्याकाळी आपला पांढरा शर्ट इस्त्रीला टाकत. हे कळलं की ठेकेदाराची झोप उडे.

पद्धत सोपी होती. ठेकेदाराने गच्चीवर मातीची पाळ घालून घोटाभर पाणी भरायचं. खाली दिवाणजी तो पांढरा शर्ट घालून, प्लास्टिकच्या खुर्चीवर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसणार. शर्टावर पाण्याचा एक थेंब जरी दिसला, तरी ते उठत, खुर्ची काखेत मारत आणि म्हणत, "पास नहीं." मग भोपाळहून फोन येवो नाहीतर खुद्द साहेब येवोत, दिवाणजी ताबा घेत नसत.

"वर्दीवर का नाही बसत?" मी एकदा विचारलं होतं.

"ताई, खाकी सगळं लपवते," ते म्हणाले. "पांढऱ्याला लपवता येत नाही."

आता सांगते, मी कोण. मी बुऱ्हाणपूरला एसपी ऑफिसात बिल्डिंगचं टेबल सांभाळते. ठाणी, चौक्या, क्वार्टर, मालखाना, पोलिसांच्या मालकीची जी काही वीट असेल तिचा कागद माझ्याकडे आणि तिचा तंटाही माझ्याकडे. दिवाणजी हे माझे हातपाय. हेड कॉन्स्टेबलला आमच्या मध्य प्रदेशात दिवाणजीच म्हणतात. पण जिल्ह्यात नुसतं दिवाणजी म्हटलं तर लोक यांनाच धरून चालत. चोर पकडल्याचं त्यांचं काही नाव नव्हतं. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी छतांकडे बघण्यात घालवली होती, आणि त्यामुळे त्यांची मान कायम थोडी मागे कललेली असे. नवीन माणसाला वाटे, फार गर्विष्ठ आहेत. तसे होतेही.

इंजिनियरसुद्धा पाणी भरूनच तपासतात, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते शिकलेले लोक आहेत, त्यांच्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं. दिवाणजींचं त्यावर म्हणणं असं, की यंत्राला रात्री त्या घरात झोपायचं नसतं.

हा कार्यक्रम ते फक्त थंडीत करत. उन्हाळ्यात शर्ट घामाने भिजतो, पावसाळ्यात पावसाने, मग ठेकेदाराला वाद घालायला जागा मिळते. परीक्षेच्या दिवशी ते पाकाचा पदार्थ खात नसत आणि चहाही घेत नसत. एका ठेकेदाराने सकाळी सकाळी गरम मावा-जिलेबी आणून समोर धरली, तेव्हा दिवाणजींनी पुडा बघितला, एक मोठा आवंढा गिळला आणि म्हणाले, "शर्टावर पाक सांडवायचा इरादा आहे का रे? उद्या आण." त्याने दुसऱ्या दिवशी आणली नाही. याचा राग त्यांना फार दिवस होता. ती इमारत मात्र त्यांनी पास केली होती.

कोणी भेटलं तर ते "बरं आहे ना?" असं विचारत नसत. "काय, सगळं सुकं?" असं विचारत. नवीन आलेल्या एका डीएसपी साहेबांना पहिल्याच दिवशी सलाम ठोकून त्यांनी हेच विचारलं. साहेब गोंधळले. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ये आदमी पूछ क्या रहा है?"

"सर, आपका बंगला टपकता है क्या, ये पूछ रहे हैं."

"टपकता तो है!" साहेब म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघांची दोस्ती झाली.

लग्नाला गेले तर दिवाणजी नवरा-नवरीकडे बघायच्या आधी मंगल कार्यालयाचं छत बघत. देवळात हात जोडत, पण नजर कळसाच्या आतल्या बाजूला ओल कुठवर आली आहे तिकडे. स्वतःच्या मुलीचं लग्न जमवताना तर त्यांनी कमालच केली. भुसावळचं स्थळ होतं. मुलाकडचे फाल्गुनापासून बोलावत होते, हे म्हणत, आषाढात येतो. ऐन पावसात छत्री घेऊन गेले. बाकीच्यांनी मुलाला बघितलं, दिवाणजी शिडी लावून गच्चीवर चढले. परत आल्यावर मी विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"स्लॅबला उतार छान दिलाय."

"अहो, मुलगा!"

"मुलगा बी ठीक आहे. त्यानेच शिडी धरली होती."

मुलगी सुखात आहे. जावई चांगला निघाला, म्हणून यात हसण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण तेव्हा सगळं ऑफिस हसत होतं.

सरकारी पैशाची एक गंमत असते, ती बाहेरच्यांना माहीत नसते. रंगासाठी आलेला पैसा रंगालाच लागतो. गेटसाठी आलेला गेटलाच. एका खेड्यातल्या चौकीच्या छतासाठी मी वर्षानुवर्षं मागणी पाठवत होते. एका मार्चअखेरीला पैसा आला, तो रंगाचा. मग काय, चौकी बाहेरून नव्या नवरीसारखी झाली आणि आत मुन्शी छत्री उघडून रिपोर्ट लिहीत राहिला. दिवाणजी ती रंगवलेली चौकी बघायला गेले आणि भिंतीला हात लावून म्हणाले, "पावडर लावली बिचारीला. ताप तसाच." मी त्यांना म्हटलं, हे वाक्य साहेबांसमोर बोलू नका. ते बरोबर साहेबांसमोरच बोलले. पुढच्या वर्षी छताचा पैसा आला. मी कागद लिहिते आणि दिवाणजी बोलतात, अशी आमची वाटणी होती, आणि ती चांगली चालत होती.

मग नवीन ब्लॉकचं प्रकरण आलं.

पोलीस लाइनीतला जुना ब्लॉक फार वर्षांपूर्वीचा. छतातून सळया दिसतात, पावसाळ्यात बायका पलंग फिरवत बसतात. त्याच्याच मागे नवीन तीन मजली ब्लॉक उभा राहिला. ठरलं असं, की नवीन ताब्यात आला की जुन्यातली माणसं तिकडे न्यायची आणि जुना पाडायचा. दिवाणजी जुन्याच ब्लॉकमध्ये, अगदी टोकाच्या क्वार्टरमध्ये राहत. बायको वारून काही वर्षं झालेली, एकटेच होते. आणि त्याच वसंतात ते रिटायर होणार होते. म्हणजे नवीन ब्लॉकमध्ये त्यांना घर मिळणार नव्हतं. जुना पडेपर्यंत फार तर ते तिथे राहू शकत.

ठेकेदार होता सोनी नावाचा तरुण. चांगला पोरगा, पण घाईत. "दिवाणजी अंकल, ये आजकल का वॉटरप्रूफिंग है, इसमें बैठने की जरूरत ही नहीं," म्हणाला. दिवाणजी हसले आणि शर्ट इस्त्रीला टाकला.

पहिल्या वेळी दुपारी थेंब पडला. बाथरूमच्या पाइपाशी जोड कच्चा होता. तो मी स्वतः पाहिला, वाद नव्हता. सोनीने दुरुस्ती केली. दुसऱ्या वेळी दिवाणजी एकटेच बसले होते. संध्याकाळी खुर्ची काखेत मारून बाहेर आले. "पास नहीं." खांद्यावर एक ओला ठिपका होता. सोनी आत धावला, शिडी लावून हात फिरवून आला, म्हणाला, छत कोरडं आहे. दिवाणजी म्हणाले, पडला म्हणजे पडला.

आता लाइनीत कुजबुज सुरू झाली. एक दिवस सुनीता माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ही लेडी कॉन्स्टेबल, जुन्या ब्लॉकमध्ये दिवाणजींच्या शेजारीच राहते. सासू अंथरुणाला खिळलेली, आणि सासूच्या पलंगावरच छताचे पोपडे पडतात.

"मॅडम, एक बोलू का? वाईट वाटून नका घेऊ," ती म्हणाली. "दिवाणजींना घर सोडायचं नाहीये. म्हणून आमचं अडवून बसलेत."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणी राह्यले. नवीन बिल्डिंग पास झाली की जुनी पडणार. पडली की ते कुठे जाणार? म्हणून पास नहीं, पास नहीं."

माझ्याही मनात ते आलं होतं. वर मार्च जवळ येत होता. मार्चच्या आत ताबा झाला नाही, तर नळ-वीज जोडणीचा उरलेला पैसा परत जाणार, आणि मग त्या बायका आणखी एक पावसाळा पलंग फिरवणार. मी सरळ दिवाणजींना बोलावलं. आडून बोलायची मला सवय नाही.

"दिवाणजी, लोक म्हणतात, तुम्हाला घर सोडायचं नाही, म्हणून तुम्ही मुद्दाम नापास करता."

ते माझ्याकडे बघत राहिले. मान पहिल्यांदाच सरळ होती.

"तुम्ही काय म्हणता, ताई?"

"मी म्हणते, तिसऱ्या वेळी मी तुमच्या शेजारी बसणार."

"बसा ना," ते म्हणाले. "पण ही पिवळी साडी चालणार नाही. पिवळ्यात थेंब जिरतो."

माझ्याकडे नेसायला पांढरं काही नव्हतं. मी घरून पलंगावरची पांढरी चादर नेली आणि खांद्यापासून पायापर्यंत पांघरून बसले. लाइनीतल्या बायका दारातून डोकावून जात होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकजण म्हणाली, "मॅडम, न्हावी येतोय का?" मी म्हटलं, आधी तुझ्या नवऱ्याला पाठव, त्याचे केस फार वाढलेत.

दिवाणजी हलले नाहीत. छताकडे असे बघत होते, जसं लोक देवाकडे बघतात. फरक इतकाच, की यांच्या नजरेत मागणं काही नव्हतं, हिशेब होता. मधूनच म्हणत, "ऐका." मी ऐकायची. वर पाण्यावर वारा लागला की बारीक आवाज येई. "ते वरचंच आहे," ते म्हणत. मला तर वरचं आणि खालचं काहीच कळत नव्हतं. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. मी घरून थर्मासमध्ये चहा आणला होता, तो दोघांना ओतला. ते नको म्हणाले. परीक्षेच्या दिवशी चालत नाही.

"चहा नाही घेतला तर मी उठून जाईन," मी म्हटलं, "आणि मग लोक काय म्हणतील ते तुम्ही बघा."

त्यांनी कप घेतला. जपून, शर्टापासून लांब धरून प्यायले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सोनी आला. त्याच्यामागे आरआय साहेब, म्हणजे आमच्या पोलीस लाइनीचे प्रमुख. आणि दारात सुनीता, तिच्यामागे अर्धा जुना ब्लॉक. सोनीची नजर दिवाणजींच्या शर्टाकडे गेली आणि त्याचा चेहरा उतरला. छातीवर, खिशाच्या जरा खाली, एक छोटा ओला डाग होता.

"अंकल," तो म्हणाला, "ये तो... मैंने तो ऊपर सब..."

 मी दिवसभर शेजारी बसले होते. तो डाग कधी पडला, मी पाहिलं नव्हतं. सुनीताने माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी सांगत होते ना. दिवाणजी उठले असते, खुर्ची काखेत मारली असती आणि नेहमीचे दोन शब्द बोलले असते, तर कोणी हरकत घेतली नसती. डाग होता. सगळ्यांनी पाहिला होता. त्यांचं घर आणखी एक वर्ष त्यांचं राहिलं असतं.

त्यांनी मान खाली घालून डाग पाहिला. मग बोटाने पुसला आणि बोट जिभेला लावलं.

"साखर आहे," ते म्हणाले. "ताईंचा चहा."

कोणीतरी हसलं, पण मध्येच थांबलं. दिवाणजी अजून बसूनच होते. हात गुडघ्यावर, नजर वर. ठरलेली वेळ अजून झाली नव्हती, म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो. आरआय साहेबही उभे. अंधार पडू लागला तशी कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली. तेव्हा ते उठले.

"सुकं आहे. घेऊन टाका, साहेब."

सोनीने त्यांच्या पायांना हात लावला. ते म्हणाले, "जिलेबी आण आता."

 दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताने दिवाणजींच्या दाराशी डबा ठेवला. त्यात शेवभाजी होती. हे मला दिवाणजींनीच सांगितलं. वर म्हणाले, मीठ कमी होतं.

मार्चच्या आत जोडणी झाली. माणसं नव्या ब्लॉकमध्ये गेली. सुनीताच्या सासूचा पलंग तळमजल्यावर, खिडकीशी लागला. दिवाणजी रिटायर झाले, हार घातले गेले, भाषणं झाली. एका साहेबांनी भाषणात त्यांना आमच्या विभागाचं छत म्हटलं. दिवाणजी शेजारी बसून सभागृहाच्या छताच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे खरंच ओल आहे.

जुन्या ब्लॉकची क्वार्टरं रिकामी करून घ्यायचं काम माझं. त्यांचं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. मी गेले तेव्हा सामान बांधून झालं होतं. एक ट्रंक, गादी, देवांचा डबा. पण जमिनीवर भांडी तशीच होती. चुलीच्या ओट्याजवळ एक पातेलं. पलंगाच्या जागी पितळी घंगाळ. दाराच्या कोपऱ्यात स्टीलचा डबा, आणि वर फळीवर एक तांब्या. प्रत्येकाच्या तळाशी चौकोनी घडी करून फडकं ठेवलेलं. बाहेर ऊन रणरणत होतं. पावसाचं नाव नव्हतं.

"ही का मांडलीत?" मी विचारलं.

"मांडली नाहीत. आहेत." मग म्हणाले, "आमच्या मंदाने लावलेली आहेत. कुठे मोठा थेंब, कुठे बारीक, तिला पाठ होतं. आवाजाने झोप लागत नाही म्हणून खाली फडकं."

मला राग आला. सगळ्या जिल्ह्याची छतं नीट करणारा माणूस.

"तुमच्या क्वार्टरचं रिपेअर का नाही काढलं कधी? कागद तर मीच करते!"

"काढलं होतं. नंबर आला तेव्हा समोरच्या घरात बाळंतीण होती. मंदा म्हणाली, आधी त्यांचं करा. मग पुढच्या खेपेला आला तेव्हा ती नव्हती. मग मीच नाव कटवलं."

"का?"

"भांडी उचलावी लागली असती, ताई."

मी ताबा घेतल्याचा कागद पुढे केला. त्यांनी सही केली. मग ट्रंक रिक्षात चढवली आणि भांडी एकेक करून स्वतःच उचलून नेली. फडकी तशीच आत ठेवून.

मुलगी भुसावळला चला म्हणून मागे लागली होती. ते गेले नाहीत. तापीच्या पलीकडे जैनाबादला त्यांनी एक खोली घेतली. आषाढात त्यांच्या पेन्शनच्या एका कागदावर सही हवी होती. मी कोणालाही पाठवू शकले असते, पण मीच स्कूटी काढली. पुलावरून जाताना पाऊस जोरात लागला. पोचले तेव्हा रेनकोटातून पाणी निथळत होतं.

"या या, ताई. जरा पाय सांभाळा."

खाली पाहिलं. दारात स्टीलचा डबा होता. ओट्याजवळ पातेलं. पलंगाला लागून घंगाळ. फळीवर तांब्या. खोली लहान होती, तरी अंतरं तीच.

"इथेही गळतं?" मी वर पाहिलं. नवा स्लॅब, पांढरा चुना, कुठे डाग नाही.

"छे! घ्यायच्या आधी शर्ट घालून बसलो होतो ना मी. उन्हाळा होता, म्हणून पंखा लावून. गच्चीवर पाणी भरायला लावलं घरमालकाला. वैतागला तो." ते खुशीत सांगत होते. "एकदम सुकं."

मी डब्याला वळसा घालून आत गेले, सही घेतली. त्यांनी चहा केला. साखर जास्त होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत कशाचाच आवाज नव्हता. ते मधूनच "ऐका" म्हणतील असं वाटत होतं. म्हणाले नाहीत.

निघताना माझ्या रेनकोटाचं टोक घंगाळाला लागलं आणि ते जागचं सरकलं. मी सॉरी म्हणायच्या आत दिवाणजी वाकले, दोन्ही हातांनी घंगाळ पूर्वीच्या जागी आणलं, आतलं फडकं नीट केलं. आणि मग मान मागे टाकून वर, त्या कोरड्या छताकडे पाहिलं, नेम बरोबर बसला की नाही ते.